पेडणे, डिचोली, साखळी की वाळपई: निवृत्तीनंतर राहायला कोणतं गाव?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय ६३, पुण्यात बँकेतून निवृत्त. पत्नी शाळेतून निवृत्त. मुलगी परदेशात. दोन वर्षांपूर्वी तुमच्या हृदयात एक स्टेंट बसलाय, आता तब्येत उत्तम. किनारपट्टीची वर्दळ नको, मराठी वाचायला-ऐकायला मिळावं, आणि म्हापशाकडच्या बारदेश तालुक्यातले घरांचे भाव झेपत नाहीत, म्हणून उत्तर गोव्यातली चार लहान गावं निवडलीत: पेडणे, डिचोली, साखळी, वाळपई. डिसेंबरात येऊन चारही पाहिलीत आणि वाळपईबाहेरचा एक प्लॉट मनात भरलाय. गाडी तुम्ही चालवता, पत्नी चालवत नाहीत. यांतलं कोणतं गाव राहायला बरं?

मी डिचोली तालुक्यात तीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. जमिनीचे व्यवहार हा माझा विषय नव्हे. पण शहरातून निवृत्त होऊन इकडे आलेली जोडपी मी पहिल्या वर्षी पाहते, पाचव्या वर्षी पाहते आणि पंधराव्या वर्षीही पाहते; तेव्हा बहुधा दोघांपैकी एकच समोर बसलेलं असतं. जे सांगते ते त्या अनुभवावरून. दवाखाना इथेच असल्यामुळे डिचोली-साखळीकडे माझा ओढा असणार, तेवढं धरून वाचा.

तुम्ही चार गावांची तुलना मागितलीत. पण तुमच्या प्रश्नात ओघात येऊन गेलेल्या दोन गोष्टीच मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या: स्टेंट, आणि पत्नी गाडी चालवत नाहीत. घर घेताना माणसं आजची हिंडती-फिरती दोघं डोळ्यांसमोर ठेवतात. त्या घरात कुणाला एकट्याने राहायची वेळ आली तर ती पंचाहत्तरीच्या पुढे येते. म्हणून प्रश्न जरा बदलून विचारा: उद्या मी नसलो तर हिला या घरात गाडीशिवाय नीट राहता येईल का? ती नसली तर मला येईल का? हे कठोर वाटेल, पण दोघांनी शांतपणे बसून बोलण्याजोगं आहे, आणि प्लॉटची रक्कम देण्याआधी बोलण्याजोगं आहे.

असा विचार केला की गावांमधला फरक बराच कमी होतो आणि एकाच गावातल्या दोन घरांमधला फरक मोठा दिसू लागतो. बाजारापासून पायी दहा मिनिटांवरची दोन खोल्यांची सदनिका आणि तीन किलोमीटर बाहेर डोंगरउतारावरचा टुमदार बंगला, यांत जेवढं अंतर आहे तेवढं साखळी आणि वाळपईत नाही.

माझ्या दोन रुग्णांचं सांगते. एक बाई, आता अठ्ठ्याहत्तरच्या. नवऱ्याने हौसेने गावाबाहेर नव्या वसाहतीत घर बांधलं. मागे काजूची झाडं, पुढे बाग, सकाळी मोर येतात. तो गेल्यावर गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवली, ती तशीच आहे. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चढ आहे, गुडघे दोन्ही झिजलेले. बस मुख्य रस्त्यावरून जाते, तिथे उभं राहायला निवारा नाही. रक्तदाबाची गोळी संपली की दूध घालणाऱ्या मुलाजवळ चिठ्ठी देतात. तो दुसऱ्या दिवशी आणतो, कधी तिसऱ्या. मध्ये दोन दिवस गोळी चुकली की दाब वर जातो आणि मग मी त्यांना रागावते, पण त्यात त्यांचा दोष काय? आजूबाजूची निम्मी घरं मुंबई-बेंगळुरूवाल्यांची, वर्षातले दहा महिने बंद.

दुसरे एक गृहस्थ, पत्नी वारल्यावर एकटे. साखळीत बाजाराजवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहतात. जागा लहान, खाली सकाळपासून आवाज, मासळीचा वास. एके दिवशी सकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुबा मोडला, उठता येईना. रोज सात वाजता दारातून उचललं जाणारं वर्तमानपत्र नऊ वाजले तरी तिथेच, म्हणून खालच्या दुकानदाराने वर येऊन हाक मारली. साडेनऊला १०८ची रुग्णवाहिका दारात होती. शस्त्रक्रिया झाली, आज काठी घेऊन ते स्वतः भाजी आणतात. दोघांपैकी कुणाचं घर जास्त सुंदर, हे सांगायला नको. कुणाचं म्हातारपण जास्त सुरक्षित, तेही दिसतंच आहे.

आता तुमच्या स्टेंटकडे येते. गोव्यात गंभीर आजाराला शेवटी एकच ठिकाण, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ. म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आहे, आणि पेडणे, डिचोली, साखळी, वाळपई या चारही ठिकाणी सरकारी आरोग्य केंद्र आहे. छातीत दुखू लागलं तर खासगी गाडीने थेट बांबोळी गाठण्याच्या मागे लागू नका. १०८ला फोन करा. २०१८च्या अखेरीस सुरू झालेल्या 'स्टेमी' या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या योजनेत आरोग्य केंद्रावर ईसीजी काढून तो गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला पुढे हलवतात. म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यापुरतं तरी अंतराचं ओझं बरंच हलकं झालंय. पूर्वी वाळपईचा रुग्ण वाटेतच जायचा, ते आता खूप कमी झालं.

पक्षाघाताचं तसं नाही. त्यात गुठळी विरघळवणारं औषध देण्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतोच, आणि हे औषध उपयोगी पडतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत. साखळीहून आमोणा-खांडोळा पुलावरून माशेल, जुने गोवे करत रात्रीच्या वेळी तासाभरात बांबोळी येते. वाळपईहून त्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं. पेडण्याहून महामार्ग चांगला आहे, पण पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून गर्दीच्या वेळी तिथे किती वेळ जाईल याचा नेम नाही. ही सगळी अंतरं साडेचार तासांत बसतात. जे बसत नाही ते म्हणजे कुणाच्या लक्षातच न येणं. रात्री दोनला तोंड वाकडं झालं आणि सकाळी आठला कामवाली आली, तर दारात गोमेकॉ असूनही वेळ निघून गेलेली. म्हणून मी पुन्हा पुन्हा शेजाराकडे येते.

आता गावांबद्दल, मला जशी दिसतात तशी.

पेडणे चारांत सर्वांत लहान, २०११च्या जनगणनेत जेमतेम पाच हजार वस्ती. कोकण रेल्वेचं स्थानक तालुक्यात आहे, गावापासून जरा लांब. जानेवारी २०२३पासून मोपा विमानतळ सुरू झाला. मुलगी परदेशातून येणार असेल तर ही सोय फार मोठी. लेक विमानातून उतरून अर्ध्या तासात घरी. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ आहे. सांधेदुखी, पचन, त्वचेच्या जुनाट तक्रारींसाठी माझे रुग्णही जातात. पण मोपामुळेच तालुक्याचा चेहरा बदलतोय. जमिनीचे भाव, टॅक्सी, हॉटेलं, महामार्गालगतची बांधकामं. तुम्हाला शांतता हवी आहे, आणि आज शांत असलेला पेडण्याचा माळ दहा वर्षांनी तसा राहील असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. पावसाळ्यात रेल्वेवरही पूर्ण विसंबू नका. जुलै २०२४मध्ये मालपे-पेडणे बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन कोकण रेल्वे ठप्प झाली होती.

डिचोली, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. मामलेदार कार्यालय, बँका, बसस्थानक, फार्मस्या, दंतवैद्य, चष्म्याचं दुकान, सगळं एकमेकांना लागून. बुधवारी बाजार भरतो. चालत जगायला हे गाव सोपं आहे. इथे दोन गोष्टी तपासायच्या. पहिली पूर: बंदरवाड्यासारखा नदीकाठचा सखल भाग पाहात असाल तर शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर येतं. दुसरी धूळ. या तालुक्यातलं लोहखनिज २०१२मध्ये बंद झालं, काही काळ सुरू होऊन २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबलं, आणि एप्रिल २०२४पासून डिचोलीच्या खाणपट्ट्यात परत सुरू झालं. खाण असावी की नसावी हा इथल्या घराघरांतला, पोटापाण्याशी जोडलेला प्रश्न आहे; त्यावर इथे बोलत नाही. एवढंच सांगते की खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जेटीकडे जातात त्या रस्त्यालगत घर घेऊ नका. दम्याचा, सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण मी त्या रस्त्यावर राहायला सुचवणार नाही, आणि सत्तरीनंतर कुणाचंही फुप्फुस तरुणपणीचं नसतं. डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या गल्लीतून ट्रक जात नव्हते म्हणजे मार्चमध्ये जाणार नाहीत असं नाही. कोणता रस्ता, कोणते महिने, हे रस्त्यावरच्या चहावाल्याला नेमकं माहीत असतं.

साखळीची वस्ती साडेतेरा हजारांच्या घरात, डिचोलीपासून सात-आठ किलोमीटर. सोमवारचा बाजार, रवींद्र भवन, दत्ताचं देऊळ, पलीकडे विठ्ठलापूरचं विठ्ठलमंदिर. मराठी कार्यक्रमांची जी हौस तुम्ही लिहिलीत ती इथे सर्वांत सहज भागेल. चोर्ला घाटाने बेळगाव दीड-दोन तासांवर, त्यामुळे भाजी तिकडून येते आणि मोठ्या तपासणीला बेळगावला जाणारेही पुष्कळ. अडचण वाळवंटी नदीची. वर सत्तरी तालुक्यात जोराचा पाऊस झाला, अंजुणे धरणातून पाणी सोडलं आणि खाली भरती असली की बाजारात पाणी शिरण्याची भीती. संरक्षक भिंत झाली, पंप बसले, पूर्वीइतका त्रास आता नाही. पण जुलैतल्या मोठ्या पावसात बाजारातले दुकानदार अजूनही खालच्या फळीवरचा माल वर चढवताना दिसतात. तळमजल्यावर घेऊ नका. पहिल्या मजल्यावर घ्या, आणि जिना रुंद, कठडा दोन्ही बाजूंनी आहे का ते पाहा. त्याहून वरचा मजला लिफ्टशिवाय नको.

वाळपई. तुमचं मन तिथे अडकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वस्ती साडेआठ हजार, सत्तरीचं मुख्य ठिकाण, मंगळवारचा बाजार. सरकारी आरोग्य केंद्र चांगलं आहे, माणसं मायाळू आहेत. म्हादई नदीच्या खोऱ्यातलं रान डिसेंबरात किती देखणं दिसतं ते मलाही माहीत आहे. पण डिसेंबर हा सत्तरीचा एक महिना झाला. किनाऱ्यापेक्षा इथे पाऊस कितीतरी जास्त. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. खुबा मोडलेले माझे बरेचसे रुग्ण याच महिन्यांतले, आणि पडण्याची जागा बहुतेक वेळा स्वतःच्याच घराची पायरी. झाड तारांवर पडलं की वीज जाते आणि गावाबाहेरच्या वस्तीत ती सर्वांत शेवटी येते. जुलै २०२१च्या पुरात म्हादईकाठच्या गावांत घरं कोसळली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल.

आणखी एक, जे प्लॉट दाखवणारा सांगणार नाही. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप रानातल्या गोचिडींमुळे होतो आणि काजूच्या हंगामात, साधारण जानेवारी ते मे, त्याचा धोका जास्त. म्हणून रानाला लागून राहू नये असं मी म्हणत नाही. हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण काजूखाली पाला गोळा करायला जायचं तर अंग झाकून जा, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, आणि त्या महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला 'मी रानाजवळ राहतो' हे आधी सांगा. बाहेरून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

प्लॉटबद्दल मी एवढंच म्हणेन की कागद तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासा, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नको. एक-चौदाच्या उताऱ्यावर (तुमच्याकडच्या सात-बारासारखा) नाव असणं म्हणजे मालकी पक्की असं होत नाही. सत्तरीत जुन्या राजवटींत दिलेल्या अल्वारा आणि मोकासो जमिनींचे घोळ जुने आहेत, डिचोली तालुक्यात मये गावात गोवा सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा प्रश्न दीर्घकाळचा, पेडण्यात कुळांचा आणि मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३च्या कायद्याने निर्बंध आहेत. घर बांधायचं तर रूपांतराची, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याची सनद हवी. विकणारा विवाहित असेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात, आणि वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या. हे सगळं स्वच्छ निघालं तरी साठीनंतर नवं घर बांधायला घेणं मला पटत नाही. गवंडी, सुतार, पालिका, वीजखातं यांच्यामागे दोन वर्षं धावण्यात निवृत्तीची सर्वांत चांगली, पाय धड असलेली वर्षं जातात. माझ्या ओळखीत स्टेंटवाल्या माणसाने उन्हात उभं राहून स्लॅब घालून घेतल्याची उदाहरणं आहेत आणि मला ती आवडत नाहीत.

पाण्याचं थोडक्यात. पेडण्याला चांदेल, सत्तरीला दाबोस, साखळी-डिचोलीकडे पडोसेच्या प्रकल्पाचं पाणी. चांदेलचा प्रकल्प बराचसा तिळारी धरणाच्या पाण्यावर चालतो आणि दोडामार्गकडे कालवा फुटला की नळ कोरडे पडतात. विहीर असलेली इमारत मिळाली तर सोडू नका, मात्र विहिरीचं पाणी मे महिन्यात बघा.

पैशांच्या बाजूने एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा लाभ गोव्यात पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर मिळतो. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे. दयानंद सामाजिक सुरक्षेच्या पेन्शनला तर पंधरा वर्षांची अट. गोमेकॉत गोमंतकीयांना उपचार मोफत असले तरी बाहेरच्यांकडून २०१८पासून शुल्क घेतात. म्हणजे पहिली पाच वर्षं तुमच्या बँकेच्या आरोग्यविम्यावरच काढायची आहेत. तो विमा गोव्यातल्या कोणत्या खासगी इस्पितळांत रोखविरहित चालतो, ती यादी आजच मागवून घ्या; बहुतेक नावं पणजी, पर्वरी, म्हापसा या पट्ट्यातली असतील. पुण्याचा पत्ता बदलून इथला करण्यात उशीर करू नका, कारण वास्तव्य सिद्ध करायला कागद लागतात आणि ते त्या पत्त्यापासून मोजायला सुरुवात होते.

मराठीबद्दल तुम्ही निश्चिंत असा. हे चारही भाग नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातले, सावंतवाडीशी जुनं नातं असलेले. घरात कोकणी बोलतात, देवळात भजन मराठी, जत्रेला नाटक मराठी, दारात वर्तमानपत्र मराठी. पेडण्याकडे दशावतार, सत्तरीत रणमालें हे लोकनाट्य. बाजारात तुम्ही मराठीत बोललात तर समोरचा मराठीत उत्तर देईल. पण सहा महिन्यांत कोकणी समजायला लागली पाहिजे असं ठरवून या. बोलता नाही आली तरी चालेल. समोरच्याला तुमच्यासाठी भाषा बदलावी लागली नाही की तो तुमच्याशी जास्त वेळ बोलतो. बाहेरून येऊन जमीन घेणाऱ्यांबद्दल सध्या गोव्यात मनं दुखावलेली आहेत, आणि त्याला कारणं आहेत. ते मनावर घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. तुमच्या पत्नी शिक्षिका होत्या. वाड्यावरच्या चार मुलांना संध्याकाळी गणित शिकवायला बसल्या तर वर्षभरात सगळा वाडा त्यांना 'बाई' म्हणून ओळखेल, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दहा घरांतून बोलावणं येईल. भजनी मंडळात पेटी धरणारा, ग्रंथालयात रोज येऊन बसणारा माणूस इथे फार काळ परका राहत नाही. उंच कुंपणामागे राहणारा वीस वर्षांनीही परकाच असतो, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो.

तुम्ही न विचारलेली दोन नावं घालते. एक म्हापसा. चाळीस हजार वस्ती, शुक्रवारचा बाजार, वाहनांची कोंडी. तुम्ही गर्दी नको म्हणून ते वगळलंत. पण जिल्हा इस्पितळ तिथेच, बांबोळी अर्ध्या-पाऊण तासावर, थिवीचं रेल्वे स्थानक जवळ, आणि रात्री उशिरापर्यंत बस. पुढच्या काही वर्षांत तुमच्या हृदयाची परत काही तक्रार निघाली, किंवा पत्नीला नियमित तपासण्या लागणारा आजार निघाला, तर म्हापशातल्या आतल्या एखाद्या वाड्यावरची सदनिका या चारही गावांपेक्षा शहाणपणाची ठरेल. भाव जास्त आहेत. मग जागा लहान घ्या. दुसरं सावंतवाडी. मोती तलाव, स्वस्ताई, सगळं मराठी. मोह होण्यासारखं आहे. पण तिथला गंभीर रुग्णही शेवटी सीमा ओलांडून बांबोळीलाच येतो, आणि गोव्याच्या योजना त्याला लागू नाहीत. ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांनी जरूर जावं.

तर तुमच्यासारख्या जोडप्याला मी काय सांगेन? साखळी किंवा डिचोली, बाजारापासून पायी दहा मिनिटांच्या आत, पहिल्या मजल्यावरची किंवा पुराची भीती नसलेली तळमजल्याची तयार जागा, ट्रकच्या रस्त्यापासून आत. पेडणे तेव्हा, जेव्हा मुलगी वर्षातून दोन-तीनदा येणार असेल आणि बदलतं गाव तुम्हाला चालणार असेल. वाळपई तेव्हा, जेव्हा तिथे तुमचं कुणी आहे, किंवा वाळपईच्या बाजारातच घर मिळतंय. बाहेरच्या प्लॉटवर नको. हे सगळं आजच्या तब्येतीवर आणि पत्नी गाडी शिकणार नाहीत या गृहीतावर आहे. त्या स्कूटर शिकल्या तर बरीच गणितं बदलतील, आणि साठीत स्कूटर शिकलेल्या बाया माझ्या दवाखान्यात येतात. अर्थात डोळ्यांची आणि तोलाची तपासणी आधी.

पुण्याचं घर लगेच विकू नका, भाड्याने द्या. इथे जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत भाड्याने राहा. पावसाळ्यात भाडं कमी असतं आणि घरमालक तयार होतात. सोबत सहा महिन्यांची औषधं, ईसीजीच्या जुन्या प्रती आणि अँजिओप्लास्टीचा कागद ठेवा. एक प्रत आल्या आल्या जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. त्या चार महिन्यांत एक दिवस तुम्ही घरी थांबा आणि पत्नींना एकट्या बसने बांबोळीला पाठवा: सकाळी निघायचं, ओपीडीत केसपेपर काढायचा, डोळे तपासून घ्यायचे, औषध घ्यायचं आणि बसनेच परत यायचं, भर पावसात. परत आल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका आणि मग प्लॉटवाल्याला फोन करायचा की नाही ते ठरवा.